एलजीबीटीक्यू हक्क-कार्यकर्त्याचे पीएच.डी. गाईड होताना: कोणती गोष्ट कधी करायची

एलजीबीटीक्यू हक्कांसाठी काम करणारी व्यक्ती पीएच.डी.ला आली की गाईडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "विषय काय घेताय?" तिथेच क्रम उलटा होतो. विषय ठरतो, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर होतो, मुलाखतीही सुरू होतात. मग तिसऱ्या वर्षी लक्षात येते की संशोधकाच्या घरी अजून काहीच माहीत नाही, मुलाखत दिलेल्यांची नावे सगळ्यांना खुल्या असलेल्या लॅपटॉपवर पडली आहेत आणि प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर, चढणार आहे. तेव्हा आधी सुरक्षितता, मग भूमिका आणि त्यानंतर विषय. खालच्या पायऱ्या याच क्रमाने लिहिल्या आहेत. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत गाईड म्हणून काम करणारे प्राध्यापक नजरेसमोर आहेत, पण एम.ए.च्या लघुप्रबंधालाही यातले बरेचसे लागू पडेल.

पायरी १: होकार देण्याआधी

आधी कागद बघा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार एका वेळी प्रोफेसरकडे ८, असोसिएट प्रोफेसरकडे ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडे ४ संशोधक असू शकतात. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असते, पण इथे त्याचे वजन वेगळे आहे. मधेच गाईड बदलला तर या संशोधकाला आपली सगळी ओळख दुसऱ्या माणसासमोर पुन्हा उलगडावी लागते, आणि तो दुसरा माणूस कसा निघेल हे कुणी सांगू शकत नाही.

मग कायद्याची उजळणी. विद्यार्थी तुम्हाला शिकवेल अशा भरवशावर राहू नका, ते त्याचे काम नाही. निदान एवढे डोक्यात पक्के हवे: १५ एप्रिल २०१४ चा नालसा निकाल (स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क), ६ सप्टेंबर २०१८ चा नवतेजसिंग जोहर निकाल (समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांपुरते बाद), तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आणि त्याखालचे २०२० चे नियम, १७ ऑक्टोबर २०२३ चा सुप्रियो निकाल (समलिंगी विवाहाला मान्यता नाही). दंड संहितेऐवजी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ च्या जागी कोणतेच कलम आलेले नाही. आजही काही सिनॉप्सिसमध्ये "कलम ३७७ अन्वये गुन्हा" असे वर्तमानकाळात लिहिलेले सापडते आणि समितीही त्यावरून सही करून मोकळी होते. कायद्याचा कोणताही मजकूर उद्धृत करण्याआधी त्या दिवशी लागू असलेला, दुरुस्त्यांसह असलेला मसुदा उघडून बघा.

तिसरी गोष्ट तुमच्या संस्थेची. रॅगिंगच्या व्याख्येत २०१६ च्या दुरुस्तीने लैंगिक कल आणि लिंगओळखीवरून होणारा छळ आला आहे. लैंगिक छळाविषयीच्या यूजीसीच्या २०१५ च्या नियमांतही तृतीयपंथी विद्यार्थ्यांचा उल्लेख आहे. तुमच्या अंतर्गत समितीच्या अध्यक्षांना हे माहीत आहे का, ते आत्ताच विचारून ठेवा. प्रकरण घडल्यावर विचारायला गेलात तर उशीर झालेला असेल.

> तपासा: विभागाच्या फॉर्मवर लिंगासाठी किती रकाने आहेत? वसतिगृहाचा फॉर्म कोण भरून घेतो? विभागाचा व्हॉट्सअॅप ग्रुप कोणाच्या हातात आहे?

पायरी २: पहिल्या दोन बैठका, विषयाशिवाय

या बैठका केबिनमध्ये घ्या, दार लावून, फोन बाजूला ठेवून. स्टाफरूममध्ये चहावर उरकू नका. एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्यायच्या आणि तो कागद संशोधकाकडेच ठेवायचा, तुमच्या फायलीत नाही.

१. मी तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू, आणि इतरांसमोर कोणत्या? ही दोन उत्तरे वेगळी असू शकतात.

२. विभागात, घरी, गावी कोणाला काय माहीत आहे? सगळे सांगायची सक्ती नाही. "हे कोणाला कळता कामा नये" एवढे कळले तरी पुरते.

३. घरच्या नंबरवर फोन करायचा का? पत्र घरच्या पत्त्यावर पाठवायचे का? अडचणीच्या वेळी संपर्क कोणाशी? बहुतेक फॉर्मवर इथे वडिलांचे नाव असते आणि नेमके तेच नको असते.

४. चळवळीतली सध्याची जबाबदारी काय? संस्थेत पगारी आहात की स्वयंसेवक? एखाद्या खटल्यात याचिकाकर्ते किंवा साक्षीदार आहात का?

५. पैसा कुठून येतो? बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची किंवा यूजीसीची फेलोशिप, संस्थेचे मानधन की काहीच नाही?

पाचवा प्रश्न वरवर कोरडा वाटतो. पण नावबदल मधेच आला तर आधार, बँक खाते आणि विद्यापीठाची नोंदणी यांवरची नावे जुळेपर्यंत फेलोशिप अडकते. नाव राजपत्रात बदलायचे असेल तर ते नोंदणीआधी किंवा हप्ता जमा झाल्यानंतर करा, आणि तिन्ही ठिकाणचे अर्ज एकापाठोपाठ द्या. मुदतीचेही याच वेळी बोलून घ्या. पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षे, त्यानंतर पुनर्नोंदणीने २. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षांची सवलत आहे. नोंदणीवर कोणते लिंग लिहिले आहे यावर ती सवलत मिळते की नाही हे ठरू शकते. तेव्हा कुलसचिव कार्यालयाकडून लेखी खुलासा पहिल्याच वर्षी घ्या.

> सावध: स्वतःहून "तुम्ही गे आहात का?" असे कधीही विचारू नका. सगळे कार्यकर्ते समुदायातलेच असतात असे नाही, आणि असले तरी ते तुम्हाला सांगायला बांधील नाहीत. सांगितलेच, तर ते तुमच्यापाशी राहिले पाहिजे. विभागप्रमुखांना कौतुकाने सांगणे म्हणजेही त्या व्यक्तीला आऊट करणेच, तिच्या संमतीविना ओळख उघड करणेच.

पायरी ३: मागणीपासून प्रश्नापर्यंत

कार्यकर्ता येतो तो मागणी घेऊन. "तृतीयपंथींना ओळखपत्रे मिळालीच पाहिजेत." मागणी रास्त आहे, पण तो संशोधनाचा प्रश्न नाही. गाईडकडून इथे दोन टोकाच्या चुका होतात. काही जण म्हणतात, "चळवळ बाहेर ठेवा, तटस्थ व्हा." असे केले की त्या माणसाजवळची सर्वात मोलाची गोष्ट, म्हणजे वीस वर्षांची ओळखपाळख, बाद होते. दुसरे इतके भारावतात की लिहिलेले प्रत्येक पान मंजूर करतात, आणि बाहेरचा परीक्षक ते पहिल्या फेरीतच फाडून काढतो. माझ्या मते दुसरी चूक अधिक घातक, कारण ती प्रेमाने होते आणि म्हणून कोणी तिच्याबद्दल बोलत नाही.

मागणीला प्रश्न करायची एक साधी रीत आहे: "कोणता पुरावा मिळाला तर तुमचे मत बदलेल?" हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. वरच्या मागणीतून असा प्रश्न निघू शकतो: २०२० च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांना तृतीयपंथी ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी ३० दिवसांची मुदत घालून दिली होती, त्या काळात एका जिल्ह्यातले अर्ज कोणत्या टेबलावर आणि कोणत्या कागदावरून अडले? याचे उत्तर शोधता येते. ते कार्यकर्त्याच्या अंदाजाविरुद्धही जाऊ शकते. कदाचित अर्ज कार्यालयात अडलेच नसतील, शाळेच्या दाखल्यावरचे जुने नाव पुढे करायला नको म्हणून लोकांनी अर्जच केले नसतील.

प्रश्नासोबत साधनही ठरवा. माहितीच्या अधिकारात १० रुपयांत अर्ज होतो आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते, म्हणून संशोधक पटकन तिकडे वळतात. पण त्या अर्जावर स्वतःचे नाव-पत्ता जातो, आणि तालुक्याच्या ठिकाणी तो कोणी टाकला हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते. पत्रव्यवहाराचा पत्ता घरचा देऊ नका. अर्जात कोणा एकाची फाइल मागू नका, आकडे आणि परिपत्रके मागा. वैयक्तिक माहिती मिळत नाही, आणि मागितल्याने त्या व्यक्तीकडे मात्र बोट जाते.

पायरी ४: नीतिसमिती आणि संमती

नीतिसमिती म्हणजे संशोधनातून सहभागींचे नुकसान होणार नाही ना हे तपासणारी समिती. ही पायरी घाईत उरकली जाते, म्हणून इथे जास्त थांबतो.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय नीतिमार्गदर्शक तत्त्वांमध्ये लैंगिक अल्पसंख्याकांची गणना विशेष काळजी घ्यायच्या गटांत केली आहे. ती तत्त्वे वैद्यकीय आणि आरोग्यविषयक संशोधनासाठी असली तरी समाजशास्त्राच्या समितीसमोर त्यांचा आधार देता येतो. तुमच्या विद्यापीठात सामाजिक शास्त्रांसाठी समितीच नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे प्रस्ताव पाठवता येईल का, ते विचारा. समितीत समुदायाशी परिचित असा एक तरी सदस्य असावा असा आग्रह धरा.

संमतीपत्राचा छापील नमुना आणून सही घेणे ही सगळ्यात नेहमीची चूक. सह्यांचा गठ्ठा म्हणजे त्या गावातल्या समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांची यादीच. शक्य तिथे तोंडी संमती रेकॉर्ड करा आणि समितीकडून तशी परवानगी आधीच घ्या. बोलायचे ते साध्या मराठीत. उदाहरणार्थ:

"मी पीएच.डी.साठी हे करतोय. तुमचं नाव कुठंच येणार नाही. नको असेल तो प्रश्न सोडा, मधेच उठून गेलात तरी चालेल. यातून तुम्हाला रेशनकार्ड किंवा पैसे मिळतील असं मी सांगत नाही. संस्थेचं काम वेगळं आहे, तुम्ही नाही म्हणालात तरी ते थांबणार नाही. दिवाळीपर्यंत कधीही सांगा, तुमची मुलाखत मी काढून टाकेन. आणि एक, कोर्टानं कागद मागितले तर मला नाही म्हणता येईलच असं नाही."

शेवटचे वाक्य बहुतेक जण गाळतात. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचे संरक्षण आहे, तसे संशोधक आणि सहभागी यांच्यातल्या बोलण्याला भारतात नाही. तेव्हा "पूर्ण गोपनीयता" असे आश्वासन देऊ नका. जी माहिती जवळ असणे धोक्याचे आहे ती गोळाच करू नका.

पॉक्सोचा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचा) मुद्दा वकिलाला विचारूनच पुढे न्या. २०१२ च्या त्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर कळवणे बंधनकारक आहे. म्हणून सहभागी १८ वर्षांवरचेच असतील असे ठरवा. प्रौढ व्यक्ती मुलाखतीत लहानपणचे काही सांगू लागली तर काय करायचे, हे मुलाखतीआधी ठरलेले हवे आणि सहभागींनाही सांगितलेले हवे.

डेऱ्यावर, म्हणजे तृतीयपंथींचा गुरू आणि त्याचे चेले एकत्र राहतात तिथे, जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. गुरूची परवानगी घ्या, ती रीत आहे. पण गुरूने हो म्हटले म्हणजे चेल्यांची संमती मिळाली असे होत नाही. चेल्याला एकटे विचारा, आणि नकार दिला तर तो गुरूपर्यंत जाणार नाही अशा बेताने विचारा. दहा जणांना भेटून सहाच मुलाखती घेतल्या तरी कोणत्या सहा हे बाहेर कळू नये.

> तपासा: संशोधक जिथे कार्यकर्ता म्हणून काम करतो त्याच वस्तीत मुलाखती घेणार आहे का? असेल तर मदतीचे काम आणि मुलाखत एकाच दिवशी नको. "ताईंना नाही कसं म्हणायचं" या भिडेने दिलेली संमती ही संमती नव्हे.

पायरी ५: मुलाखती आणि सामग्री

विद्यापीठाचे ओळखपत्र लागते, पण त्यावर विषय काय लिहायचा? "लिंगभाव आणि शासकीय सेवा" एवढे पुरे. प्रबंधाचे पूर्ण शीर्षक लिहिलेला कागद खिशात घेऊन एसटीने फिरायला नको.

रेकॉर्डिंग त्याच दिवशी फोनवरून काढून कुलूपबंद फोल्डरमध्ये टाका. नावे आणि सांकेतिक क्रमांक जुळवणारी यादी तिसऱ्याच जागी, शक्यतो कागदावर. विभागाच्या सामाईक ड्राइव्हवर काहीही नको. आवाजाचे आपोआप लिखाण करून देणाऱ्या फुकट वेबसाइटवर मुलाखती चढवू नका. त्या फाइली पुढे कुठे जातात ते आपल्या हातात राहत नाही.

टायपिस्टकडून लिखाण करून घेत असाल तर एक सूचना लेखी द्या: क्रियापदे सुधारायची नाहीत. आपल्याकडे "मी गेलो" आणि "मी गेले" यातच बोलणाऱ्याचे लिंग दिसते. पुष्कळ माणसे एकाच मुलाखतीत दोन्ही वापरतात. घरचे सांगताना "गेलो", डेऱ्यावरचे सांगताना "गेले". टायपिस्टला ती चूक वाटते आणि तो सगळे एकसारखे करून टाकतो. प्रबंधाचा अर्धा पुरावा तिथेच पुसला जातो. प्रबंध इंग्रजीत असेल तर तळटीप देऊन मूळ रूप टिकवा.

गाईडने दर पंधरा दिवसांनी संशोधकाची विचारपूस करावी, आणि ती प्रकरणांची नव्हे. रोज मारहाणीच्या कहाण्या ऐकणाऱ्या माणसाला थकवा येतो, आणि त्यातली एखादी स्वतःचीच कहाणी असते. गरज वाटली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. समुपदेशक सुचवताना त्याची भूमिका विचारून घ्या. लैंगिकता "बदलून" देण्याचे तथाकथित उपचार हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवले. तरीही असे उपचार सुचवणारे भेटतात.

पायरी ६: लेखन

नाव बदलले म्हणजे ओळख लपली, या समजुतीत बहुतेक प्रबंध अडकतात. समजा, कच्च्या प्रकरणात असे आले:

"रंजना (नाव बदलले आहे), वय ४२, एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर चहाचा गाडा चालवते. मंगळवारी-शुक्रवारी यल्लम्माचा जग डोक्यावर घेते. तिचे दोन्ही भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. २०१६ मध्ये तिने फौजदाराविरुद्ध तक्रार दिली होती."

त्या तालुक्यातल्या कोणालाही दुसऱ्या वाक्यापर्यंत रंजना कोण ते कळेल, आणि चौथ्या वाक्याने फौजदारालाही. सुधारून:

"रंजना (नाव बदलले आहे) चाळिशीतली. छोटा धंदा करते. घरातली माणसे नोकरदार आहेत. काही वर्षांपूर्वी तिने पोलिसांविरुद्ध तक्रार दिली होती."

आता "जग" (देवीची डोक्यावर घ्यायची टोपली) गेला, आणि प्रबंध जोगत्यांवरच (यल्लम्माला वाहिलेल्यांवरच) असेल तर विश्लेषणही गेले. अशा वेळी माणूस आणि तपशील वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवा. जोगत्यांच्या प्रथांवरच्या प्रकरणात जग येऊ द्या, पण तिथे रंजनाचे अवतरण नको. पोलिसांवरच्या प्रकरणात रंजना येऊ द्या, जगाशिवाय. दोन-तीन माणसे मिसळून एक पात्र करायचा मोह होतो. तो टाळा, परीक्षक विचारेल तेव्हा उत्तर देता येत नाही.

दुसरे काम विरुद्ध पुराव्याचे. प्रत्येक प्रकरणात निदान एक जागा अशी हवी जिथे सामग्री चळवळीच्या म्हणण्याशी जुळत नाही, आणि ती मोकळेपणाने मांडलेली हवी. डेऱ्यातली पिळवणूक, समुदायातली जात, गे पुरुषांच्या गटांत तृतीयपंथींना मिळणारी वागणूक. संशोधक म्हणेल, "हे लिहिले तर विरोधक वापरतील." भीती खरी आहे. तरी गाळू नका. कुठे आणि कोणत्या संदर्भासह लिहायचे ते एकत्र बसून ठरवा. चळवळीच्या पत्रकात काय छापायचे हे संशोधकच ठरवेल, त्यात तुम्ही पडू नका.

> सावध: प्रगती अहवालाच्या सहामाही बैठकीआधी मोर्चा, सुनावणी किंवा प्राइड येईलच. वर्षाच्या सुरुवातीला दोन्हीकडच्या तारखा एका कॅलेंडरवर मांडा. सुनावणीची तारीख कोणाच्याच हातात नसते, तेव्हा प्रकरणाची मुदत तुम्ही हलवा.

पायरी ७: छापणे, वायवा, शोधगंगा

२०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची केंद्रीय सक्ती नाही, पण विद्यापीठाने स्वतःची ठेवली असू शकते, अध्यादेश वाचा. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके ओळखण्याचे काम आता गाईडच्याच गळ्यात आहे.

परीक्षकांची नावे सुचवताना विषयातला अधिकार बघाच, पण त्यांनी या विषयावर जाहीरपणे काय म्हटले आहे तेही बघा. मित्रच निवडा असे नाही. टोकाच्या मताचा पण न्यायाने वाचणारा परीक्षक चालेल, न वाचता शेरा मारणारा नको.

वायवा (प्रबंधावरची तोंडी परीक्षा) खुला असतो. कोण येणार हे तुम्ही ठरवू शकत नाही, पण सूचनाफलकावर काय लागते ते ठरवू शकता. आधी एक सराव घ्या आणि त्यात सर्वात ओंगळ प्रश्न तुम्हीच विचारा. "हे सगळे पाश्चात्त्य आहे ना?" हा येणारच. "तुम्ही स्वतः यातल्या आहात का?" हाही येईल. त्याला "माझ्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणात मी माझी भूमिका मांडली आहे" एवढे उत्तर पुरे, आणि तेवढ्यावर थांबायचा हक्क संशोधकाला आहे. पुढे रेटले तर अध्यक्षांनी अडवायला हवे. त्यांच्याशी त्याआधीच बोलून ठेवा.

शोधगंगेवर गेलेला प्रबंध नावासकट जगाला खुला असतो आणि सहजासहजी उतरत नाही. जमा करण्याआधी तिघांनी मिळून शेवटचे वाचन करा: तुम्ही, संशोधक आणि समुदायातली विश्वासू अशी एक व्यक्ती, जिच्या हाती फक्त अवतरणांची पाने द्यायची. तिने एकालाही ओळखले तर ती जागा पुन्हा लिहा. काही प्रकरणे ठरावीक काळ बंद ठेवता येतात का हे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला लेखी विचारा. आभाराची पाने विसरू नका. मुलाखतीत लपवलेली नावे "ज्यांनी वेळ दिला" म्हणून तिथे पहिल्या नावासह छापली जातात.

पायरी ८: पदवीनंतर

शिफारसपत्र मागितले जाईल. त्यात "धाडसी ट्रान्स कार्यकर्ती" असे लिहिण्याआधी विचारा. परदेशी विद्यापीठाला ते आवडेल, पण तीच प्रत इथल्या महाविद्यालयाच्या मुलाखतीतही जाईल. दोन मसुदे करा आणि कोणता कुठे जाईल ते संशोधकाला ठरवू द्या.

रेकॉर्डिंग किती काळ ठेवायचे हे नीतिसमितीला जे सांगितले असेल तसेच पाळा. पुसायच्या दिवशी तुमच्याकडच्या आणि संशोधकाकडच्या प्रती एकत्र बसून पुसा, पेनड्राइव्हही शोधा. निष्कर्षांचे आठ-दहा पानांचे मराठी टिपण ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांच्यापर्यंत पोहोचवा. वाचता न येणाऱ्यांना ते वाचून दाखवायला संशोधकाला दोन दिवस लागतील, त्याचा प्रवासखर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी धरून ठेवा.